खंडेनवमीला मांडलेला लॅपटॉप

॥ श्री ॥

धार,
४ सप्टेंबर २०२५

तीर्थस्वरूप अक्कांच्या सेवेसी,
अल्पनाचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

गौरी परवा गेल्या. तुम्ही घालून दिलेल्या रीतीनंच सगळं केलं. फोन करणार होते, पण तुम्हांला ओरडून सांगितलेलं तुमच्या आधी आमच्या शेजारणीला कळतं. आपली पत्रंच बरी.

चि. तरुणनं पुण्याहून पाठवलेला लॅपटॉप पोचला. तुमचा मुलगा मनानं मोठा, मामेभावाची आठवण ठेवतो. अजेयनं डबा उघडून दोन्ही हात त्यावरून फिरवले आणि पाटीसारखा गुळगुळीत आहे म्हणाला. मग डबा परत झाकून ठेवला. मला वाटलं, जपून ठेवतोय. जेवताना कळलं की हा मॅक आहे.

तुम्हांला ठाऊकच आहे, बारावीनंतर त्याच्या डोळ्यांनी दगा दिला, तेव्हापासून इंदूरच्या संस्थेत तो जे शिकला ते सगळं विंडोजवर. स्क्रीनवर असेल ते वाचून दाखवणारा एक आवाज असतो, त्याच्या भरवशावर त्याची बोटं चालतात. कुठल्या कळेला तो काय वाचेल, हे त्याला आपल्याला रामरक्षा असते तसं पाठ. मॅकलाही स्वतःचा आवाज आहे, पण त्याच्या कळा निराळ्या आणि वागण्याची तऱ्हाही निराळी. जुना लॅपटॉप श्रावणातच कायमचा बंद पडला.

आणि नेमकं आत्ताच देवासच्या एका कंपनीनं त्याला विचारलंय. लोकांच्या तक्रारी येतात, त्यांना लेखी उत्तरं द्यायची. आधी घरी बसून एक चाचणी, ती जमली तर तिथल्या ऑफिसात नोकरी. लॅपटॉप आपला न्यायचा, आणि त्यांचा प्रोग्राम फक्त विंडोजवर चालतो. आजवर जिथे अर्ज केले तिथे दिसत नाही म्हटल्यावर फोन ठेवून देत. काम येतं का, एवढंच विचारणारे हे पहिलेच लोक.

तरुणला हे कसं सांगावं? दिलेली वस्तू परत करणं मला बरं वाटत नाही. तुम्हीच मार्ग सुचवा.

खरं सांगायचं तर माझं मन दोन्हीकडे ओढतं. नोकरी लागावी म्हणून रोज गणपतीला दूर्वा वाहते आणि देवासचं नाव निघालं की विषय बदलते. तिथे तो राहणार तर तुमच्याकडेच, आणि तुम्हांला ऐकू येत नाही, त्याला दिसत नाही. दूध उतू गेलं तर कोणी कोणाला हाक मारायची? रागावू नका, आईचं मन आहे.

हे पीथमपूरच्या कारखान्यात पाळीला गेलेत, त्यांचाही नमस्कार. तुमची माया आहे तशीच आमच्यावर राहू द्यावी.

आपली,
अल्पना


॥ श्री ॥

देवास,
११ सप्टेंबर २०२५

चि. सौ. अल्पना हीस,
अक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र मिळालं. उतू गेलेलं दूध नाकाला कळतं, आणि नाकं आमची दोघांचीही शाबूत आहेत. ती काळजी सोड.

तरुणला मी मोबाइलवर लिहून विचारलं. आधी ओशाळला. म्हणाला, महागाची वस्तू म्हणजे चांगलीच असणार असं धरून चाललो, अजेयची बोटं कशाला सरावली आहेत ते विचारलंच नाही. मग त्यानं तोड सांगितली. मॅकच्या पोटात विंडोज राहू शकतं म्हणे, भाडेकरूसारखं. घर मॅकचं, आतली एक खोली विंडोजची, आणि त्या खोलीत अजेयचा वाचणारा आवाज. ती खोली बांधून देणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, आवाजही फुकट. हे वाचून तुझा चेहरा खुलला असणार.

अडचण एकच. विंडोज आत बसवत असताना तो आवाज अजून तिथे आलेला नसतो. तेवढा वेळ कोणी तरी दिसणाऱ्या माणसानं शेजारी बसून स्क्रीनवरचं वाचून सांगायला हवं. तरुणला सुट्टी नाही. बापूला तर स्वतःच्या मोबाइलवरचं वाचताना घाम फुटतो, माझा भाऊ असला तरी खरं ते खरं. राहिलीस तू. मॅट्रिकला इंग्रजीत पास झाली होतीस ना? लग्नाच्या बैठकीत तुझ्या वडिलांनी ते इतक्या वेळा सांगितलं की मला अजून पाठ आहे.

माझी पुढची खोली रिकामी आहे. अजेयचं यंत्र दिवसभर बडबडलं तरी ज्याला काडीचा त्रास होणार नाही, असा घरमालक त्याला दुसरा कुठे मिळणार?

बापूला आणि चि. अजेयला आशीर्वाद. अशीच मोकळेपणानं लिहीत जा.

तुझी,
अक्का


॥ श्री ॥

धार,
२० सप्टेंबर २०२५

तीर्थस्वरूप अक्कांच्या सेवेसी,
अल्पनाचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

तुमच्या आशीर्वादानं विंडोज मॅकच्या पोटात जाऊन बसलं. पितृपक्षात नवं काही सुरू करू नये, पण अजेय म्हणाला की लॅपटॉप पितृपक्षाआधीच घरात आला, म्हणजे जुनाच.

मी चष्मा पुसून शेजारी बसले. अक्का, मॅट्रिकचं इंग्रजी पुस्तकात होतं तिथेच राहिलं. मी एकेक अक्षर सांगायची, सी, ओ, एन, टी, आणि शब्द पुरा व्हायच्या आत तो कंटिन्यू म्हणून कळ दाबायचा. एकदा मी एक ओळ गाळली, बारीक अक्षरात होती म्हणून. तिथेच सगळं अडलं आणि पहिल्यापासून करावं लागलं. रागावला नाही. म्हणाला, आई, सध्या तूच माझा स्क्रीन रीडर आहेस, फक्त खरा रीडर मध्ये मध्ये टोमणे मारत नाही.

मग त्याचा आवाज आत आला आणि वेगळीच तऱ्हा झाली. मॅकचा आवाज आणि विंडोजचा आवाज दोघंही एकदम बोलायला लागले. एक बाई, एक पुरुष, कोणी कोणाचं ऐकेना. भांडणाऱ्या बिऱ्हाडांसारखं. घरमालकाला गप्प करायचं आणि भाडेकरूला बोलू द्यायचं, हे अजेयला उमगेपर्यंत माझं डोकं उठलं.

त्याच्याहून मोठी अडचण कळेची होती. त्या वाचणाऱ्या आवाजाला हुकूम द्यायचा तर इन्सर्ट नावाची कळ दाबून धरावी लागते, आणि मॅकवर ती कळच नाही. तिच्या बदली दुसरी एक चालते, पण ती मॅक मधल्यामध्ये गट्ट करतो, आतपर्यंत पोचूच देत नाही. शेवटी तरुणनं फोनवर सांगून स्पेसच्या उजवीकडची एक कळ इन्सर्ट म्हणून ठरवून दिली. अजेयची बोटं सवयीनं जुन्याच जागी जायची. म्हणून मी त्या नव्या कळेवर माझी मखमलीची टिकली लावली. आता अंगठा बरोबर तिथे थांबतो.

आज मी भजनी मंडळाचा हिशेब लिहीत होते आणि तो पलीकडे कंपनीनं पाठवलेले नमुने सोडवत होता. आवाज इतका भरभर वाचतो की मला एक अक्षर कळलं नाही. मी विचारलं, वाचून दाखवू का काही? म्हणाला, नको. नुसतं नको म्हणाला, वाईट काही नाही त्यात. इतकी वर्षं त्याचं पुस्तक, औषधाची चिठ्ठी, बसची पाटी, सगळं मीच वाचत आले. हिशेबाची बेरीज त्यानंतर दोनदा चुकली.

चाचणीचा दिवस ते फोन करून कळवणार आहेत. परवा घट बसतील. देवीपुढे आमच्यासाठी दोन शब्द बोलावेत. मायेत अंतर पडू देऊ नये.

आपली,
अल्पना


॥ श्री ॥

धार,
४ ऑक्टोबर २०२५

तीर्थस्वरूप अक्कांच्या सेवेसी,
अल्पनाचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

दसरा झाला. सोनं लुटलं, तुमच्या वाटचं देवाजवळ ठेवलंय. पण बातमी चांगली नाही.

खंडेनवमीला नेहमीसारखी शस्त्रं मांडली. देवघरातली तलवार, विळी, ह्यांची पान्ह्यांची पेटी, माझं शिवणयंत्र. या वर्षी लॅपटॉपही मांडला. लाल वस्त्र घातलं, कुंकू वाहिलं, झेंडूची फुलं ठेवली. माझ्या मुलाचं हत्यार म्हणून अभिमानानं मांडला. आपला नेम तुम्ही जाणताच. एकदा मांडलेलं दशमीची उत्तरपूजा होईपर्यंत हलवायचं नाही. मी भाजीसुद्धा आदल्या दिवशी चिरून ठेवते.

दुपारी कंपनीचा फोन आला. उद्या गांधीजयंतीची सुट्टी, तेव्हा चाचणी आजच द्या, संध्याकाळपर्यंत वेळ आहे. हे पाळीला गेले होते. अजेयनं मला विचारलं, आई, काढू का? मी म्हटलं, उद्या पहाटे उत्तरपूजा करते आणि लगेच तुझ्या हातात देते. त्यानं वाद घातला नाही. कंपनीला उद्या सकाळी देतो म्हणून विनवलं. बघू म्हणाले.

दशमीला उजाडायच्या आत मी पूजा उतरवली. त्यानं लॅपटॉप उघडला. चाचणी बंद झालेली होती.

हे मला काही बोलले नाहीत. अजेयही नाही. तेच जड जातं. मंडळातल्या बायकांना मी सांगितलं की देवीच्या मनात नव्हतं. तुम्हांलाही तेच लिहिणार होते, पण पेन पुढे जाईना. अक्का, त्याला नाही म्हणताना मला आतून बरं वाटलं होतं. देवास टळलं, असं वाटलं होतं. नेम देवीचा होता, पण नाही म्हणणारी मीच होते.

कालपासून तिच्यापुढे उभं राहवत नाही. निरांजन लावते आणि मागे फिरते. तुम्ही काय म्हणाल ते ऐकायची तयारी ठेवली आहे. तरी लोभ कमी करू नये.

आपली,
अल्पना


धार,
६ ऑक्टोबर २०२५

प्रिय अक्काआत्या,
नमस्कार.

हे पत्र मी स्वतः टाइप केलं आहे. शाळा हिंदीत झाली, त्यामुळे मराठी लिहिताना गडबड होते, आणि आवाज चुकीचा शब्दही बिनधास्त वाचून टाकतो. समजून घे. चौकातल्या दुकानात प्रिंट काढून, पाकीट बंद करून, पोस्टाच्या डब्यात मीच टाकणार आहे. आईने हे वाचलेलं नाही. माझं असं हे पहिलंच पत्र.

आईने तुला लिहिलं असेल की तिच्यामुळे चाचणी हुकली. ते अर्धंच खरं आहे. त्या दुपारी ती शेजारी आरतीला गेली होती. घरात मी एकटा. देवघराचा कोपरा न् कोपरा मला पाठ आहे. मी आत गेलो, हात पुढे केला, बोटांना फुलं लागली, खाली लॅपटॉपची कड लागली. आणि मी परत येऊन पलंगावर बसलो.

देवीला घाबरून नाही. इतके दिवस मी घरी बसलोय आणि सगळे म्हणतात की अजेय हुशार आहे, याला फक्त चान्स मिळायला पाहिजे. चान्स मिळाला आणि फेल झालो तर? आईने नाही म्हटलं तेव्हा मला बिलकुल राग आला नाही. हलकं वाटलं. आता ती माझ्यासमोर चोरासारखी वावरते, आणि मला बोलता येत नाही.

आज मी कंपनीला फोन केला. तिकडचा माणूस भावासारखं भिया, भिया करत बोलत होता, पण काम पक्कं. घरून द्यायची वेळ गेली, म्हणाला. ऑफिसमध्ये येऊन, आमच्या समोर बसून देणार असाल तर पंधरा तारखेला या. मी हो म्हणालो.

मला तुझ्याकडे एकट्याने यायचं आहे. इंदूरला बस बदलावी लागते, तेवढं विचारत विचारत जमेल. आईला मी विचारणार नाही, सांगणार आहे. विचारलं की तिला नाही म्हणायची सवय आहे आणि मला ऐकायची. तुझी हरकत नसेल तर तेवढं कळव. माझ्या भीतीचं मात्र कोणाला सांगू नकोस, आईला तर नकोच.

तुझा,
अजेय


॥ श्री ॥

देवास,
१० ऑक्टोबर २०२५

चि. सौ. अल्पना हीस,
अक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं. ऐकायची तयारी ठेवली आहेस म्हणतेस, तर ऐक.

नेम तू मोडला नाहीस, ठीक. आता मला सांग, त्या दिवशी तुझा चष्मा कुठे होता? तलवार मांडलीस, विळी मांडलीस, चष्मा का नाही मांडलास? पूजेची पोथी त्याच्याशिवाय वाचता येत नाही म्हणून. तो तुझ्या नाकावर होता आणि नवमीला दिवसभर नाकावरच राहिला, आणि कुठलाही नेम मोडला नाही. तो लॅपटॉप तू कशात मोजलास आणि कशात मोजायला हवा होता, ते तूच ठरव. मी देवधर्मात तुझ्यापेक्षा मोठी नाही, फक्त वयानं मोठी आहे.

एवढं बोलून माझा राग संपला. आता दुसरं. देवीपुढून मागे फिरतेस ते बंद कर. मनात आलेलं तिला आधीच ठाऊक होतं, मला मात्र तुझ्या पत्रातून कळलं, आणि तू ते लिहिलंस म्हणून तू मला जास्त जवळची झालीस. घरात कोणी तुझ्यावर रुसलेलं नाही, हे मी खात्रीनं सांगते. कशावरून, ते विचारू नकोस.

अजेय पंधरा तारखेला इथे येणार. हे पत्र पोचायच्या आत त्यानं तुला सांगितलं असेल, नसेल तर आज सांगेल. माझी एकच विनंती. त्याला बसमध्ये बसवून दे आणि घरी जा. इंदूरपर्यंत सोबत म्हणून जाऊ नकोस, मागच्या सीटवर गुपचूप बसून तर मुळीच नको. तुझा तो विचार होता, हे मला इथे बसून दिसतं. शिदोरी भरपूर दे, दोघांना पुरेल अशी. माझ्यानं हल्ली फार रांधवत नाही.

चाचणीत काय होईल ते कोणाच्या हातात नाही. नापास झाला तर रडत का होईना, स्वतःच्या पायांनी परत येईल. तेही त्याचंच असू दे.

बापूला आशीर्वाद. माझं बोलणं लागलं असेल तर लागू दे, पण पत्र मात्र थांबवू नकोस.

तुझी,
अक्का


॥ श्री ॥

धार,
१६ नोव्हेंबर २०२५

चि. अजेयला,
आईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

हे मी माझ्या मोबाइलवर लिहिते आहे. ह्यांनी ईमेल कसा पाठवायचा ते दाखवलं. तीन दिवस लागले लिहायला. पूर्णविराम दिला नाही तर तुझा आवाज धापा टाकत वाचत सुटतो, असं तू सांगितलं होतंस. म्हणून प्रत्येक वाक्यानंतर थांबते आहे.

हातानं लिहिलं असतं तर ते अक्कांना वाचून दाखवावं लागलं असतं. आणि अक्का वाचतात ते सगळ्या गल्लीला ऐकू जातं. फोनवर आपण रोज बोलतो. पण फोनवर मी जेवलास का, एवढंच विचारते.

चाचणीत पास झाल्याचं तू फोनवर ह्यांना सांगितलंस, तेव्हा मी देवाला साखर ठेवली. मग कोठीत जाऊन बसले. दिवाळीचे दिवस होते, त्यामुळे काही शोधत असल्यासारखं करता आलं. तू ऑफिसात रुजू झाल्याला आता तीन आठवडे होत आले. परवा दुधाच्या पिशवीवरची तारीख मी मोठ्यानं वाचली. घरात कोणी नव्हतं.

अक्कांचं पत्र आलं. लिहितात की तू सकाळी पोळ्या शेकतोस आणि त्या भाजी करतात. तू काही म्हणालास तर त्या तुझ्या तोंडाकडे बघून ओळखतात. त्यांना काही सांगायचं असेल तर ओरडून सांगतात, त्यामुळे समोरच्या दुकानदारालाही तुझा रोजचा डबा माहीत असतो. तू बेधडक आहेस, कशालाच भीत नाहीस, असंही लिहितात.

मी ते ह्यांना वाचून दाखवलं. मंडळातही वाचून दाखवलं. सगळ्यांना आनंद झाला.

पण मला तुला एक विचारायचं आहे. आजपर्यंत विचारता आलं नाही, कारण मध्ये कोणी तरी असायचंच. बहुतेक वेळा मीच असायचे.

पहिल्या दिवशी ऑफिसात बसलास, तेव्हा तुला भीती वाटली का? आताही वाटते का? मला वाटते. तू जायच्या आधीपासून वाटते. नवमीला तर फार वाटली होती.

तुझं खरं काय ते लिही. वेळ लागला तरी चालेल. अक्कांना सांगू नकोस, ह्यांनाही नको. उत्तर माझ्याच मोबाइलवर येईल. मी ते मनातल्या मनात वाचीन, आणि कोणालाही वाचून दाखवणार नाही.

तुझी,
आई